पडद्याकडे पाठ

दौलतकाकाजींचं सगळं आयुष्य सिनेमा टॉकीजमध्ये गेलं, पण त्यांनी एकही सिनेमा पाहिलेला नव्हता. ही थाप वाटेल. मलाही वाटली असती, पण मी हे डोळ्यांनी बघत लहानाची मोठी झाले.

मंजुळा टॉकीजचे ते मालक. खेळ सुरू झाला, दिवे गेले, की पडद्याखालच्या डाव्या कोपऱ्यात लोखंडी घडीची खुर्ची टाकून ते बसायचे. तोंड लोकांकडे, पाठ पडद्याकडे. मागे खून पडो, घोडे उधळोत, नायिका चिंब भिजून नाचो, काकाजी मान वळवणार नाहीत. पडद्याचा उजेड लोकांच्या तोंडावर पडायचा आणि काकाजी ती तोंडं वाचत बसायचे. नवा माणूस घाबरायचा. कुणाला वाटायचं पोलीस आहे, कुणाला वाटायचं डोक्यावर परिणाम झालेला आहे. एकदा एका पाहुण्याने न राहवून विचारलं, "काका, तिकडं पिक्चर सुरू आहे ना?"

काकाजी शांतपणे म्हणाले, "तुमचं तिकडं सुरू आहे. माह्यं इकडं सुरू आहे. पाह्यू द्या."

नागपुरात जरीपटक्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बाजार लागायच्या जरा अलीकडे ही टॉकीज. तिच्या मागच्या वस्तीत आमचं घर. माझे बाबा टॉकीजचं सायकल स्टँड सांभाळायचे, आणि हे मी कुठेही मान वर करून सांगते. आमच्या घराण्यात पदवीचं तोंड पहिल्यांदा मी पाहिलं. बाबांनी ती फ्रेम करून तथागतांच्या फोटोशेजारी टांगली आणि पेढ्यांचा पुडा घेऊन सगळ्यात आधी टॉकीजवर गेले. मीही सोबत होते. काकाजींनी पेढा तोंडात टाकला, मला खालून वर पाहिलं आणि बाबांना म्हणाले, "गेली पोट्टी हातातून. माह्यं एक गिऱ्हाईक कमी केलं तू."

मला तेव्हा असा राग आला होता की पेढा परत मागावासा वाटला.

पण त्यांचा तो सिद्धांतच होता. ग्रॅज्युएट माणूस त्यांच्या हिशेबात अर्धं तिकीट. "ग्रॅज्युएट पिक्चर पाह्यत नाही वं, तपासते," ते म्हणायचे. "विनोद झाला का आधी विचार करते का हसू का नोको. तो विचार करेपर्यंत पुढचा सीन येऊन जाते. मंग शेजारच्याले विचारते, काय झालं? असा एक माणूस रांगेत बसला का आख्खी रांग थंडी पडते." पुढे मी एम.ए. केलं, बी.एड. केलं, ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायला लागले. काकाजींच्या लेखी माझं शिक्षण पेढ्याच्या दिवशीच थांबलेलं होतं. रस्त्यात दिसले की भर बाजारात हाक यायची, "ए बी.ए.! काय म्हणते तुही पब्लिक?"

माझी पब्लिक म्हणजे माझे विद्यार्थी. "तुह्या आन माह्या धंद्यात फरक नाही," ते म्हणायचे. "दोघंही पब्लिककडे तोंड करून उभे. फक्त तुह्या पब्लिकले इंटरव्हलमधे पळून जाता येत नाही."

आता त्यांची सिनेमा जोखायची रीत सांगते. सिनेमा बघायचा नाही हे एकदा ठरल्यावर माणूस जोखणार कशावरून? तर चपलांवरून.

"चप्पल निघाली का पिक्चर चाललं." हा मंजुळा टॉकीजचा मूळ नियम. माणूस खुर्चीत बसला, पण चप्पल पायातच आहे, म्हणजे तो अजून उठून जायच्या तयारीत आहे. गोष्टीने त्याला धरलं की त्याचं त्यालाही न कळता पाय चपलेतून बाहेर येतात. मग तो मांडी घालतो, नाहीतर समोरच्या खुर्चीला टाचा लावतो. त्या वेळी आत हत्ती सोडला तरी तो उठत नाही. टॉकीजची फरशी उताराची. निघालेल्या चपला हळूहळू घसरत पुढच्या रांगांत जायच्या. त्यामुळे चांगला सिनेमा सुटला की बाहेर पडायच्या आधी निम्मी पब्लिक ओणवी होऊन चपला शोधायची. "ओ भाऊ, ते माही आहे!" "मंग माही कोनाच्या पायात गेली?" असा गोंधळ माजायचा आणि दाराशी उभे राहून काकाजी तो ऐकायचे, एखाद्याने भजन ऐकावं तसे. बूट घालून येणाऱ्यांवर त्यांचा राग होता. बुटातला माणूस मोजता येत नाही. त्यातून तो ग्रॅज्युएट असला तर विषयच संपला.

दुसरं माप आलूबोंड्याचं. इंटरव्हलला कॅन्टीनमधले आलूबोंडे संपले तर सिनेमा पडला. कारण आत मन रमत नाही म्हणून लोक खात उभे राहिले. आलूबोंडे उरले तर सिनेमा चालला. लोक अर्धा चहा टाकून पळत आत गेले. म्हणजे काकाजी खूश तेव्हा कॅन्टीनवाला रडवेला आणि कॅन्टीनवाला खूश तेव्हा काकाजींचं तोंड उतरलेलं. ही दोन माणसं एका छपराखाली एकाच दिवशी कधी हसली नाहीत.

तिसरं माप सांगताना मला थोडा संकोच वाटतो, पण काकाजींना कधी वाटला नाही. वितरकाच्या ऑफिसात जाऊन ते भर लोकांत विचारायचे, "याच्यात लघवीचे गाने किती?" ज्या गाण्याला पब्लिक उठून बाहेर जाते ते लघवीचं गाणं. एक असलं तर बरं, लोकांची सोय होते. दोन असली तर चिंता. त्याहून जास्त असली तर पोस्टर परत. वितरकाचे लोक हसायचे. पण पुढे त्यांच्यातलाच एक जण फोनवर हाच शब्द वापरताना मी ऐकला आहे.

इतकं शास्त्र असूनही काकाजींचे अंदाज किती खरे निघायचे? मी सायकल स्टँडवाल्याची मुलगी आहे, म्हणून सरळ सांगते: फारसे नाही. चपला खऱ्या सांगायच्या, पण त्या सिनेमा लागल्यावर. आधी सिनेमा निवडताना काकाजी हमखास गडबडायचे. आणि सिनेमा पडला तर दोष कधी सिनेमाचा नसायचा, निवडणाऱ्याचा तर नाहीच. उन्हाळा असला तर ऊन. "नागपूरच्या उन्हात कोन बाहेर निघते?" थंडी असली तर थंडी. क्रिकेटची मॅच, दहावीची परीक्षा, लग्नाची तिथ, पितृपक्ष, रस्त्याचं खोदकाम. एकदा काहीच सापडेना तर म्हणाले, "संत्र्याचा सीझन आहे. लोकं संत्रे खाऊन राहिले." पब्लिकचा आकडाही माणूस पाहून बदलायचा. वितरकाला कमी, गांधीबागेतल्या कापडवाल्या मित्राला जास्त, आणि घरी विचारलं तर "होते थोडेसे." हे फक्त काकाजीच करायचे असं नाही. तेव्हाचे सगळे टॉकीजवाले असेच बोलायचे. टॉकीज रिकामी होती असं म्हणताना मी एकाही मालकाला ऐकलं नाही.

मग मॉल आले. मॉलमध्ये पडदे आले, गुबगुबीत खुर्च्या आल्या, बादलीएवढे मक्याच्या लाह्यांचे डबे आले. काकाजी एकदा मुलाच्या आग्रहाने तिथे गेले. परत आले ते गंभीर होऊन. मी विचारलं, "कसं वाटलं?"

"सगळे बुटात," ते म्हणाले. "आन खुर्ची अशी का मानूस झोपूनच जाते. तोंडच दिसत नाही वं कोनाचं."

हळूहळू मंजुळा टॉकीज रिकामी होत गेली. बाल्कनी बंद झाली. खालच्या हॉलमध्ये उरले दोन प्रकारचे लोक: कुलरच्या हवेला झोपायला येणारे आणि कोपऱ्यात बसणारी जोडपी. झोपणाऱ्याच्या चपला निघायच्या, पण त्या काकाजी धरत नसत. जोडप्यांकडे ते सभ्यपणे बघत नसत. म्हणजे बघायला काही उरलंच नव्हतं. तरी ती लोखंडी खुर्ची रोज मांडली जायची.

काकाजींचा एकुलता मुलगा प्रशांत शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, मनीषनगरात राहतो. काकीजी गेल्यापासून बापाला तिकडे न्यायचा त्याचा प्रयत्न सुरू होता. माणूस वाईट नाही, हिशेबी आहे. त्याला टॉकीज पाडून तिथे लॉन करायचं होतं. लग्नाचं लॉन. नागपुरात लॉन आणि दवाखाने कधी रिकामे राहत नाहीत, हे त्याचं म्हणणं मला तरी खोडता आलं नाही. बाबा गेल्यावरही मी दर रविवारी काकाजींकडे चक्कर मारायची. अशाच एका रविवारी बापलेकाचं टॉकीजच्या ऑफिसात जुंपलं होतं.

"बाबा, शेवटचं सांगतो," प्रशांत म्हणाला. "एक पिक्चर घ्या. तुमच्या मनानं. रविवारी तीनच्या खेळाले खालचा हॉल अर्धा जरी भरला, तं मी लॉनचं नाव काढनार नाही. नाही भरला, तं तुम्ही सही करून माह्यासंगं मनीषनगरले चालायचं."

"मंजूर," काकाजी म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "बी.ए., तू गवाह आहे."

प्रशांत गेल्यावर मी समजावून पाहिलं. "काकाजी, करू द्या ना लॉन. तिथंही माणसंच येतील. बसा खुर्ची टाकून."

त्यांनी मान हलवली. "लॉनमधे लोकं कॅमेऱ्याकडे पाहून हासतात. ते काई हासनं आहे का? अंधारात मानसाचं तोंड खरं राह्यते. कोनी पाह्यत नाही असं वाटते ना त्याले." मग सहज बोलावं तसं म्हणाले, "तुही आई खांबाजवळ बसे. तुह्या बापानं पास देल्लेला राहे तिले. काय हासे वं! डोकं मागं टाकून. पुरं तोंड उघडून."

माझी आई माझ्या कॉलेजच्या दिवसांतच गेली. तिचे दात पुढे होते. घरी, वस्तीत, लग्नात, कुठेही हसू आलं की तिचा पदर आधी तोंडावर जायचा. तिचं हसणं मी ऐकलेलं आहे, पाहिलेलं नाही. ते या माणसाने पाहिलं होतं.

"खरंच?" एवढंच विचारलं मी.

"मंग काय खोटं सांगून राहिलो? तिच्यावरून मी दोन पिक्चर पुढच्या हप्त्यासाठी ठेवून घेतले होते."

सिनेमा निवडायची काकाजींची जुनी रीत होती. वितरकाकडून तीन सिनेमांची पोस्टरं आणायची, टॉकीजच्या लांबलचक भिंतीवर दूर दूर चिकटवायची आणि बुकिंगच्या खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याची तोंडं बघायची. ज्या पोस्टरपुढे पाय थबकतील तो सिनेमा. या वेळीही तसंच केलं. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. उचलला नाही तर परत, परत. शेवटी बाहेर येऊन घेतला.

"बी.ए., सापडलं! तिसरं पोस्टर! निंबाच्या झाडाखालचं! पब्लिक हटूनच नाही राहिली तिथून!"

"काय सांगता?"

"उभे राह्यतात, हासतात, मोबाइलवर फोटो काढतात पोस्टरचे. आन ऐक, काल एक बाई रडत होती. भाजीची थैली खाली ठेवून, पोस्टरपुढे उभी राहून रडत होती! पोस्टरवर रडते, तं पिक्चरमधे काय होईन?"

मी संध्याकाळी पोस्टर बघून आले. त्यावर एक दाढीवाला हातात कुऱ्हाड घेऊन जळत्या ट्रकवर उभा होता. यात रडण्यासारखं काय, मला कळलं नाही. पण मी पडले ग्रॅज्युएट. आणि खरंच, माझ्यासमोर पाचसात जण तिथे उभे होते आणि त्यांच्या तोंडावर हसू होतं.

रविवारी दुपारी मी लवकर गेले. काकाजींनी हॉल धुऊन घेतला होता. स्वतः पांढरा सदरा घातला होता, दाढी केली होती. कॅन्टीनवाल्याला आलूबोंडे कमी तळायला सांगितलं होतं, कारण आज उरणारच. तीन वाजत आले. तिसऱ्या पोस्टरपुढे चांगली दाटी होती. बुकिंगच्या खिडकीपुढे कुणी नव्हतं.

"येईन," काकाजी म्हणाले. "आपली पब्लिक घंटी वाजल्याशिवाय हालत नाही."

घंटा वाजली. पब्लिक हलली नाही.

मग काकाजी स्वतः बाहेर गेले, त्यांच्या मागे मी. निंबाखाली डब्बे पोचवणारा एक माणूस गाडीला टेकून मोबाइलमध्ये काहीतरी बघून हसत होता.

"चाल ना गा आत," काकाजी त्याला म्हणाले. "खेळ सुरू होऊन राहिला."

"कोनता खेळ?"

"हा!" काकाजींनी पोस्टरवर हात आपटला.

त्या माणसाने पहिल्यांदाच वर पाहिलं. कुऱ्हाडवाल्याकडे पाहिलं, काकाजींकडे पाहिलं. "नाही काकाजी, मी तं नेटसाठी उभा आहे. मागच्या कोचिंग क्लासचं वायफाय इथं फुकट पकडते. पासवर्डच नाही त्याले. एवढ्याच जागेत येते बरं का, दोन पावलं तिकडं गेलं का गेलं."

सगळे आपापल्या मोबाइलमध्ये होते. भाजीच्या थैलीवाली बाईही होती. तिच्या मोबाइलमध्ये तिची लेक बोलत होती, कुठल्यातरी दूरच्या गावाहून. बाई आजही डोळे पुसत होती.

मला वाटलं, काकाजी भडकतील. क्लासवाल्याच्या घरी जातील. निदान "संत्र्याचा सीझन" तरी म्हणतील. ते त्या बाईकडे जरा वेळ बघत उभे राहिले. मग मला हळूच म्हणाले, "तोंड तं बरोबर वाचलं होतं वं मी. पिक्चर दुसराच निघाला."

आत आलो. हॉलमध्ये एक जोडपं होतं आणि कुलरपुढे एक जण झोपलेला. काकाजींचा फोन वाजला. प्रशांत. "बाबा, किती आले?"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. या माणसाने उभ्या जन्मात पब्लिकचा खरा आकडा कुणाला सांगितला नव्हता.

"नाही आले बेटा," काकाजी म्हणाले. "रिकामं आहे. उद्या ये कागद घेऊन."

वरून ऑपरेटरने डोकं काढलं. माणसं इतकी कमी असली की पैसे परत करून खेळ रद्द करायचा, ही सगळीकडची पद्धत. "काकाजी, कॅन्सल करू का?"

"काहून? पब्लिक आहे ना."

"कुठं आहे?"

"मी आहे. लाव."

दिवे गेले. काकाजी कोपऱ्यातल्या खुर्चीकडे निघाले असं मला वाटलं, पण ते मधल्या रांगेत शिरले. खुर्ची हाताने झटकली आणि बसले. पडद्याकडे तोंड करून. अवघडून बसले होते, परक्याच्या घरी बसल्यासारखे.

"बी.ए., तू तिथं बस. माह्या खुर्चीवर."

"मी? पडद्याकडे पाठ करून?"

"हो. कोनीतरी पाह्याले पाह्यजे ना, चाललं का नाही ते. बस वं, जास्त विचार नोको करू. इथंच तं ग्रॅज्युएट मार खाते."

मी जाऊन बसले. लोखंडी खुर्ची गार होती. पाठीमागे जोरात संगीत सुरू झालं आणि काकाजींच्या तोंडावर उजेड पडला. निळा, मग पिवळा, मग ट्रक पेटला असावा, कारण लाल. मी वर्गात रोज कितीतरी तोंडं बघते, पण हे तोंड बघायचं कसं, मला कळेना. सुरुवातीला ते खडूस परीक्षकासारखे बसले होते, हात बांधून. पायात चपला. मग हात सुटले. मग एकदा ते शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून काहीतरी म्हणाले आणि परत पुढे बघू लागले. माझ्या मागे कुणीतरी काहीतरी विनोदी बोललं. झोपलेला माणूस हलला नाही, जोडप्याला ऐकूच गेलं नाही. काकाजी हसले. डोकं मागे टाकून, पुरं तोंड उघडून. मी तिथे बसून ते सगळं पाहिलं. मागे काय चाललंय ते बघायला मी एकदाही वळले नाही.

इंटरव्हल झाली. दिवे लागले. काकाजी डोळे मिचकावत उठायला गेले आणि परत बसले. मग जरा सावरून, मालकाच्या आवाजात त्यांनी विचारलं, "हं, काय म्हणते पब्लिक?"

एक चप्पल त्यांच्या खुर्चीखाली होती. दुसरी घसरत दोन रांगा पुढे येऊन पडली होती.

मी ती उचलली आणि त्यांच्यापुढे नेऊन ठेवली.